इंग्रजी स्पेलिंगची वहिवाट

अक्षर दिसले की त्याचा उच्चार ठरला, आणि उच्चार कानी आला की तो कसा लिहावयाचा हेही बहुतांशी ठरले, अशा बालबोध लिपीच्या शिस्तीत वाढलेला मराठी विद्यार्थी जेव्हा इंग्रजीचे पहिले पुस्तक उघडतो, तेव्हा 'पुट' आणि 'कट' या दोन शब्दांत एकच 'यू' दोन निराळे स्वर का दाखवितो, 'ब्लड', 'गुड' आणि 'फूड' या तिहींतला जोड-'ओ' तीन तऱ्हांनी का उच्चारला जातो, आणि सरदार या अर्थाच्या 'नाइट' शब्दाच्या आरंभी मुका 'के' व पोटात मुके 'जी' आणि 'एच' कशासाठी बसले आहेत, या प्रश्नांपाशी तो अडखळतो. इंग्रजीत असेच असते, पाठ करावे, असे उत्तर त्याला बहुधा मिळते. हे उत्तर मुलाच्या बुद्धीवर अन्याय करणारे आहे. यांतील जवळजवळ प्रत्येक विसंगतीला कारण आहे आणि ते इतिहासात सापडते. शिवाय हा इतिहास क्रमाने पाहू गेल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते: इंग्रजीचे लेखन ज्यांनी ज्यांनी ठरविले, ते राजदफ्तरातले कारकून, छापखान्यांचे मालक, लॅटिनचे पंडित आणि कोशकार, हे सगळे ती भाषा आधीच जाणणारे लोक होते, ती नव्याने शिकणाऱ्याला त्या मसलतीत कोणी बोलाविले नाही.

आरंभी स्थिती अशी नव्हती. इ. स. ५९७ मध्ये रोमहून आलेला ऑगस्टीन केंटच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याच्या मागोमाग आलेल्या धर्मोपदेशकांनी ख्रिस्ती धर्माबरोबर रोमन लिपीही इंग्लंडात रुजविली. तेथील भाषेत लॅटिनमध्ये नसलेले काही ध्वनी होते. त्यांच्यासाठी मठांतील लेखकांनी जुन्या रून लिपीतून 'थॉर्न' आणि 'विन' ही दोन अक्षरे उचलली, 'डी'ला एक आडवी रेघ देऊन तिसरे घडविले, आणि 'ए' व 'ई' यांची सांगड घालून चौथे. परक्या लिपीत आपली भाषा बसविताना तिच्या ध्वनींशी इमान राखण्याची ही वृत्ती खरोखर प्रशंसनीय होती. आल्फ्रेड राजाच्या काळापासून वेसेक्स प्रांताच्या बोलीला लेखनात मान मिळू लागला आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस विंचेस्टरच्या परिसरातील लेखन इतके एकसारखे झाले की, पुढली पाच शतके इंग्रजीला तशी शिस्त पुन्हा लाभली नाही. त्या काळी 'नाइट' हा शब्द 'क्निख्त' असा काहीसा उच्चारला जाई आणि त्यातले प्रत्येक अक्षर बोलके होते.

१०६६ च्या ऑक्टोबरात हेस्टिंग्जच्या रणात नॉर्मंडीच्या विल्यमला जय मिळाला आणि इंग्लंडचा दरबार, न्यायासने आणि धर्मपीठे फ्रेंच बोलणाऱ्यांच्या ताब्यात गेली. दफ्तर लॅटिनमध्ये व फ्रेंचमध्ये चालू लागले. इंग्रजी ही शेतावरची आणि स्वयंपाकघरातली भाषा होऊन राहिली. ती लिहिण्याचा प्रसंग आलाच तर लिहिणारा कारकून फ्रेंच वळणात तयार झालेला असे, आणि आपल्या हाताला जे वळण पडले होते त्याच वळणाने तो इंग्रजी शब्दही उतरवी. राणी या अर्थाचा 'क्वीन' पूर्वी 'सी' आणि 'डब्ल्यू'चा ध्वनी देणाऱ्या 'विन' अक्षराने लिहीत, तो आता 'क्यू' आणि 'यू' यांनी लिहिला जाऊ लागला. 'शिप'मधल्या 'श'साठी 'एस' व 'सी'ऐवजी 'एस' व 'एच' आले. घर या अर्थाच्या शब्दातल्या दीर्घ 'ऊ'साठी फ्रेंच रीतीप्रमाणे 'ओ' आणि 'यू' यांची जोडी आली. आणखी एक अडचण निव्वळ लेखणीची होती. त्या काळच्या हस्ताक्षरात 'यू', 'एन', 'एम' आणि 'व्ही' ही अक्षरे एकाच जातीच्या उभ्या काड्यांनी लिहीत, त्यामुळे ती शेजारी आली की कोणती काडी कोणत्या अक्षराची हे उमगत नसे. वाचणाऱ्याला त्रास पडू नये म्हणून लेखकांनी अशा जागी 'यू'च्या ऐवजी गोल 'ओ' लिहिण्याचा प्रघात पाडला. मुलगा या अर्थाचा 'सन', तसेच 'लव्ह', 'सम' आणि 'कम' या शब्दांत आज जो अनाकलनीय 'ओ' आढळतो, तो त्या काड्यांचा अवशेष आहे. काड्या गेल्या, ते हस्ताक्षर गेले, 'ओ' मात्र राहिला.

१२०४ मध्ये नॉर्मंडी इंग्रज राजाच्या हातून गेली आणि इंग्लंडातील सरदारांचा फ्रान्सशी असलेला घरोबा हळूहळू विरला. १३६२ मध्ये न्यायालयांतील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला, कारण फ्रेंच भाषा देशात फारशी कोणाला समजत नाही हे आता सरकारलाही मान्य करावे लागले. तरीही राजदरबारच्या कागदपत्रांत इंग्रजीचा खरा अंमल सुरू झाला तो पाचव्या हेन्रीपासून. फ्रान्सच्या स्वारीवर असताना १४१७ पासून त्याने आपली पत्रे इंग्रजीत लिहविण्यास प्रारंभ केला, आणि १४२२ मध्ये लंडनच्या मद्य गाळणाऱ्यांच्या श्रेणीने, राजाने स्वतःच्या पत्रांत आपली भाषा स्वीकारली आहे हे कारण स्पष्ट नमूद करून, आपल्या वह्या इंग्रजीत ठेवण्याचा ठराव केला. वेस्टमिन्स्टर येथील चॅन्सरीतून, म्हणजे राजमुद्रेच्या दफ्तरातून, सनदा, हुकूम आणि अर्जांवरचे निकाल देशभर जात असत. ते लिहिणारे कारकून निरनिराळ्या प्रांतांतून आलेले होते, परंतु एका छताखाली एका नमुन्यावरून लिहिता लिहिता त्यांच्या लेखनाला एक सरासरी वळण आले. त्या वळणात उत्तरेकडचे काही, मध्य प्रांताचे काही आणि लंडनचे पुष्कळ असे एकत्र झाले. ते कोणा एकाच्या बोलण्याचे हुबेहूब चित्र नव्हते. दफ्तराला त्याची गरजही नव्हती. कागद ओळखता यावा आणि त्याचा अधिकार मानला जावा, एवढे दफ्तराला पुरे होते.

या टप्प्यावर विल्यम कॅक्स्टन येतो. हा मूळचा कापडाचा व्यापारी. अनेक वर्षे नेदरलंड्समध्ये राहिलेला, कलोनला मुद्रणाची कला शिकलेला, आणि १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या आवारात इंग्लंडातला पहिला छापखाना घालणारा. कोणत्या इंग्रजीत छापावे हा प्रश्न त्याला किती सतावीत होता, हे १४९० मध्ये छापलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने सांगितलेल्या हकिकतीवरून कळते. झीलंडकडे निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे थेम्सच्या मुखाशी अडकले आणि किनाऱ्यावर खावयास काही मिळते का हे पाहू लागले. त्यांपैकी एकाने एका बाईकडे अंडी मागितली, ती उत्तरेकडच्या शब्दाने. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापाऱ्याला राग आला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हती. शेवटी दुसऱ्याने दक्षिणेतला शब्द वापरला तेव्हा बाईला उमज पडला. पन्नास-शंभर कोसांत शब्दांची ही गत, तर उच्चारांची काय असेल याची कल्पना करावी. कॅक्स्टनने आपल्या परीने लंडनच्या आणि चॅन्सरीच्या वळणाचा आश्रय केला. त्याच्या हाताखालचे जुळारी बरेचसे समुद्रापलीकडून आलेले होते आणि इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती. भूत या अर्थाच्या 'घोस्ट' शब्दात जो 'एच' आहे तो फ्लेमिश भाषेच्या सवयीतून त्यांच्याच हातून खिळ्यांत शिरला असे मानले जाते. हस्तलिखितातली चूक त्या एका प्रतीपुरती असे. छापलेली चूक शेकडो घरांत एकाच रूपाने पोहोचू लागली आणि वाचणाऱ्यांना तेच शुद्ध वाटू लागले.

दुर्दैव असे की, लेखन गोठू लागण्याची ही घटका आणि इंग्रजीच्या उच्चारात सर्वांत मोठी उलथापालथ चालू असण्याची घटका एकच होती. साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून हलले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन याने १९०९ मध्ये या घटनेला 'ग्रेट व्हॉवल शिफ्ट', म्हणजे महास्वरांतर, हे नाव दिले. १४०० मध्ये निधन पावलेल्या चॉसर कवीच्या तोंडी 'टाइम' हा शब्द 'टीम' यासारखा आणि 'हाउस' हा 'हूस' असा होता. 'फीट' हा 'फेट', आणि 'मून' हा 'मोन'. ज्याला आज आपण 'नेम' म्हणतो तो शब्द चॉसर जवळजवळ आपल्या 'नाम' शब्दासारखाच उच्चारीत असे, आणि संस्कृत व इंग्रजी यांचे मूळ नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही. मुखात जीभ जिथे ठेवून जो स्वर निघे त्याच्या एक पायरी वर तो सरकला; जे आधीच सर्वांत वर होते, ते 'ई' आणि 'ऊ', त्यांना वर जागा उरली नाही म्हणून ते फुटून 'आइ' आणि 'आउ' असे संयुक्त स्वर झाले. बदल इतका हळू होता की एका पिढीला आपण बदललो याचे भानही नव्हते. आजोबा आणि नातू एकमेकांचे बोलणे निर्वेधपणे समजत होते. या हालचालीचे कारण काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. १३४८ च्या महामारीनंतर लंडनकडे लोटलेल्या नाना प्रांतांच्या लोकांची सरमिसळ त्यास कारण झाली असे पुष्कळांना वाटते. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे की, छापखान्याने जी चिन्हे पक्की केली ती स्वरांतराच्या आधीच्या किंवा ऐन मध्यावरच्या उच्चारांची होती. गावची वस्ती नदीच्या दुसऱ्या काठी सरकत जावी आणि दिशा दाखविणारा दगड मात्र जुन्याच पाणंदीच्या तोंडाशी रोवलेला राहावा, तसे हे झाले.

विद्यार्थ्याला अडविणारी ती तीन सोपी दिसणारी उदाहरणे या कथेने उलगडतात. 'ब्लड', 'गुड' आणि 'फूड' या तिहींत चॉसरच्या काळी एकच दीर्घ 'ओ' होता आणि तो एकाच तऱ्हेने लिहिला जाई. स्वरांतरात तो तिहींत 'ऊ' झाला. 'फूड' तेथेच थांबला. 'ब्लड'मधला स्वर लवकर ऱ्हस्व झाला, आणि सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडात ऱ्हस्व 'उ' जेव्हा 'अ'कडे झुकला तेव्हा त्या लाटेत तोही वाहून गेला. 'गुड' ऱ्हस्व झाला तो ती लाट ओसरल्यावर, म्हणून तो 'उ'वरच राहिला. लेखन एक आणि उच्चार तीन, याचा अर्थ इतकाच की तिन्ही शब्द एकाच घरातून निघाले पण एकाच वेळी निघाले नाहीत. 'कट' आणि 'पुट' यांचेही तसेच. दोहोंत एकच ऱ्हस्व 'उ' होता. 'कट'मध्ये तो बदलला, 'पुट'मध्ये आधीच्या ओष्ठ्य 'प'ने त्याला धरून ठेविले, जसे 'फुल' आणि 'बुल' यांतही ठेविले. उत्तर इंग्लंडात ही लाट पोहोचलीच नाही, आणि तेथील पुष्कळ लोक आजही दोन्ही शब्दांत एकच स्वर उच्चारतात. व्यंजनांतही पडझड चालू होती. 'जी-एच' या जोडीने दाखविला जाणारा घशातला 'ख्' कोठे लोपला, कोठे 'फ' झाला. शब्दारंभीचा 'क्न' सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'न'मध्ये विलीन झाला. शेक्सपियरच्या काळी 'नाइट' शब्दातला 'के' अजून पुष्कळांच्या तोंडी जिवंत होता.

उच्चार अक्षरांपासून दूर चालले असताना पंडितांनी उलट दिशेने भर घातली. सोळाव्या शतकात ग्रीक आणि लॅटिन विद्येचा उत्कर्ष झाला आणि आपल्या भाषेतील शब्दांचे कुल लॅटिन आहे हे लेखनातून दाखविण्याची हौस विद्वानांना लागली. कर्ज या अर्थाचा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता, संशय या अर्थाच्या शब्दातही नव्हता. लॅटिन मुळात तो आहे म्हणून दोहोंतही घालण्यात आला. पावती या अर्थाच्या 'रिसीट'मध्ये 'पी' याच मार्गाने आला. बेट या अर्थाच्या 'आयलंड' शब्दाचा तर लॅटिनशी काडीचा संबंध नाही, तो जुना इंग्रजी शब्द. पण लॅटिन कुळातल्या दुसऱ्या एका शब्दाशी त्याचे साम्य पाहून त्यातही एक 'एस' बसविला गेला. १५९८ मध्ये छापलेल्या शेक्सपियरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकातला होलोफर्नीज नावाचा पंतोजी या मुक्या 'बी'चा उच्चार न करणाऱ्यांवर संतापतो; त्या काळच्या श्रोत्यांना हा वाद किती ओळखीचा असेल याची ती साक्ष आहे. मराठीनेही हाच मोह दीर्घकाळ जपला होता. उच्चारातून केव्हाच गेलेले, केवळ व्युत्पत्तीची खूण म्हणून ठेविलेले अनुस्वार 'नांव', 'कांहीं' आणि 'घरांत' अशा शब्दांवर आपण शतकभर देत आलो, आणि १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते काढून टाकले तेव्हा पुष्कळ वृद्ध लेखकांना हळहळ वाटली. पण ते निघाले, आणि मुलांचे ओझे हलके झाले. इंग्लंडात असा निर्णय करणारी सर्वमान्य संस्था तेव्हाही नव्हती आणि पुढेही निर्माण झाली नाही.

हे सारे चालले असताना कोणाच्याच लक्षात आले नाही असे मात्र नाही. केंब्रिजमध्ये जॉन चीक आणि टॉमस स्मिथ यांनी ग्रीकच्या शुद्ध उच्चाराचा आग्रह धरून विद्यापीठाच्या कुलपतीचा रोष ओढवून घेतला होता. तीच दृष्टी त्यांनी स्वभाषेकडे वळविली, आणि स्मिथचा इंग्रजी लेखनावरचा लॅटिन संवाद १५६८ मध्ये पॅरिसला छापला गेला. पुढच्याच वर्षी जॉन हार्ट या राजदरबारच्या भाट-अधिकाऱ्याचा 'ऑर्थोग्राफी' हा ग्रंथ निघाला. हार्ट हा माझ्या मते या सगळ्या परंपरेतला सर्वांत थोर पुरुष. बोलण्यात जितके ध्वनी तितकीच लेखनात अक्षरे असावीत हे तत्त्व त्याने निःसंदिग्ध मांडले. चालू लेखनाचे दोष त्याने चार प्रकारांत वाटले, अक्षरांची उणीव, अक्षरांची गर्दी, एका अक्षराने दुसऱ्याच्या अधिकारावर केलेले अतिक्रमण, आणि अस्थानी पडलेली अक्षरे. आणि १५७० मध्ये निरक्षरांना वाचन शिकविण्यासाठी त्याने स्वतंत्र पुस्तकच रचले. स्वरांतर ऐन भरात असताना इंग्रजी कशी बोलली जात होती, याची सर्वांत विश्वसनीय नोंद म्हणून अभ्यासक आज हार्टच्या ध्वनिलेखनाकडेच जातात. त्याच्या समकालीनांनी मात्र त्याची वाट धरली नाही.

शिकणाऱ्याची खरी निकड ज्यांना होती ते परदेशी होते. १५७२ मध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी पॅरिसला प्रोटेस्टंटांची कत्तल झाली आणि फ्रेंच निर्वासित लंडनला येऊ लागले. विणकर, सोनार, घड्याळे करणारे अशा या लोकांना बाजारात आणि भाड्याच्या घरात इंग्रजीवाचून गती नव्हती. त्यांच्यासाठी झाक बेलो या फ्रेंच शिक्षकाने १५८० मध्ये इंग्रजीचे एक लहान व्याकरण लिहिले, आणि १५८६ मध्ये संभाषणांचे पुस्तक काढले. त्यात एका रकान्यात इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात त्याचे फ्रेंच, आणि तिसऱ्यात त्या इंग्रजीचा उच्चार फ्रेंच अक्षरांच्या पद्धतीने लिहिलेला. इंग्रजीचे लेखन उच्चार सांगू शकत नाही, तो निराळा सांगावा लागतो, ही गोष्ट त्या तिसऱ्या रकान्याने स्वच्छ कबूल केली. पंडितांच्या वादविवादांपेक्षा मला तो रकाना अधिक मोलाचा वाटतो.

निर्णय लागला तो १५८२ मध्ये, आणि लावणारा होता लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा मुख्याध्यापक रिचर्ड मलकॅस्टर. 'एलिमेंटरी' या ग्रंथात त्याने रूपकाच्या आधारे असे मांडले की, प्रारंभी लेखनावर ध्वनीचे एकछत्री राज्य होते. परंतु माणसागणिक आणि गावागणिक ध्वनी निराळा, म्हणून त्या राज्यात अंदाधुंदी माजली आणि अखेरीस तर्क आणि वहिवाट या दोघांना त्याच्याबरोबर कारभारात घ्यावे लागले. हार्टच्या योजनेवरचा हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही: ज्याच्या उच्चारावरून लिहावयाचे तो माणूस कोणता, केंटचा की यॉर्कचा, राजवाड्यातला की गोदीवरचा? मलकॅस्टरने नवी अक्षरे नाकारली, निरुपयोगी जोडाक्षरे काही कमी केली, मागच्या स्वराची दीर्घता दाखविणाऱ्या शब्दांतीच्या मुक्या 'ई'ला नियमात बसविले, आणि आठ हजारांहून अधिक शब्दांची यादी देऊन वहिवाटीवर शिक्कामोर्तब केले. शाळामास्तरांना हेच हवे होते. १५९६ मधले एडमंड कूटचे शालेय पुस्तक पिढ्यान्पिढ्या छापले गेले, १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीने सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा पहिला इंग्रजी कोश काढला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस छापील लेखन बहुतांशी आजच्यासारखे दिसू लागले. खासगी पत्रांत सरदार-दरकदारही मन मानेल तसे लिहीत; छापखाना तसे करीत नसे.

१७५५ च्या एप्रिलमध्ये सॅम्युएल जॉन्सनचा दोन खंडांचा कोश प्रसिद्ध झाला तेव्हा या वहिवाटीला अधिकार लाभला. फ्रान्सात १६३५ पासून अकादमी होती. तसे मंडळ इंग्लंडात स्थापावे ही जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये केलेली सूचना वाया गेली होती आणि ते काम एका दरिद्री विद्वानाने सहा मदतनिसांच्या साहाय्याने लंडनच्या गॉफ स्क्वेअरमधल्या माळ्यावर बसून केले. लेखनातील विसंगती जुन्या आहेत, त्या उपटू गेल्यास अधिक गोंधळ होईल, हे मत त्याने प्रस्तावनेत मांडले आणि एकाच मुळाच्या दोन शब्दांपैकी एकात मुका 'पी' ठेवला, दुसऱ्यात ठेवला नाही. अक्षरे शुद्ध असणे ही आता कुलीनतेची कसोटी झाली होती. लॉर्ड चेस्टरफील्डने १७५० मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात बजाविले की, एका प्रतिष्ठित गृहस्थाने एका शब्दातला एक मुका 'डब्ल्यू' गाळला आणि त्याची झालेली नाचक्की जन्मभर पुसली गेली नाही. लेखनाचा हा धाक शिकणाऱ्यावर अजूनही आहे आणि त्याचा उगम भाषेत नाही, समाजात आहे.

यानंतरच्या सुधारकांची कथा थोडक्यात सांगता येते, कारण प्रत्येकाची गाडी एकाच जागी रुतली. बेंजामिन फ्रँकलिनने १७६८ मध्ये सहा जुनी अक्षरे काढून सहा नवी घालणारी वर्णमाला रचली. त्याची तरुण स्नेही मेरी स्टीव्हन्सन हिने त्याच वर्णमालेत त्याला पत्र लिहून विचारले की, मग शब्दांची व्युत्पत्ती हरवेल आणि आजवर छापलेल्या ग्रंथांचे काय होईल? या प्रश्नावर त्याने उत्तर दिले, पण त्या उत्तराने कोणाचे समाधान झाले नाही. नोआ वेब्स्टरने अमेरिकन स्वातंत्र्याच्या उत्साहात पुष्कळ मागितले. १८०६ आणि १८२८ च्या त्याच्या कोशांतून 'कलर'मधला 'यू' गेला, 'सेंटर'ची अखेरची दोन अक्षरे उलटली, आणि स्त्रिया व जीभ या अर्थांच्या शब्दांची त्याने सुचविलेली सोपी रूपे मात्र लोकांनी झिडकारली. १९०६ मध्ये अँड्रू कार्नेगीच्या पैशावर चाललेल्या मंडळाने ३०० शब्दांची यादी काढली आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ती अमलात आणण्याचा हुकूम दिला. वृत्तपत्रांनी टर उडविली, प्रतिनिधिगृहाने नकार दिला, आणि वर्ष संपण्यापूर्वी हुकूम मागे गेला. बर्नार्ड शॉ १९५० मध्ये वारले तेव्हा नव्या वर्णमालेसाठी त्यांनी मृत्युपत्रात तरतूद केली होती. तिच्यातून १९६२ मध्ये एक नाटक एकदा छापले गेले. जितके वाचक अधिक, तितकी जुन्या लेखनात गुंतलेली मिळकत अधिक, आणि मत देण्याचा अधिकार या मिळकतदारांनाच होता.

याच गोठलेल्या अवस्थेत इंग्रजी महाराष्ट्रात आली. १८३५ नंतर सरकारी आश्रय इंग्रजी शिक्षणाकडे वळला, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले. त्याआधी पलटणीतल्या शिपायांनी आणि कचेरीतल्या नोकरांनी 'पलटण' आणि 'अर्दली' असे शब्द कानाने घेऊन मराठी करून टाकले होते, त्यांना स्पेलिंगची बाधा झाली नव्हती. विद्यालयात शिकणाऱ्याला भाषा भेटली ती पुस्तकातून, अक्षरांवरून. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस त्याच्या कानावर क्वचितच पडे. म्हणून लिहिलेले सगळे बोलण्याची, मुक्या अक्षरांनाही मान देण्याची सवय आपल्याकडे लागली, आणि तिला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की इंग्लंडातही शाळा पसरल्यावर 'ऑफन'मधला गेलेला 'टी' कित्येकांच्या तोंडी परत आला.

इकडे ब्रिटिश संसदेत स्पेलिंगच्या सुधारणेचा प्रश्न खरोखर मताला आला तो मॉन्ट फॉलिक या सभासदाच्या विधेयकांमुळे. १९४९ मध्ये पहिले विधेयक ८७ विरुद्ध ८४ अशा अवघ्या तीन मतांनी पडले. १९५३ मध्ये नव्या विधेयकाचे दुसरे वाचन ६५ विरुद्ध ५३ मतांनी मंजूर झाले, आणि सरकारने संशोधनाला हरकत न घेण्याचे आश्वासन दिल्यावर ते मागे घेण्यात आले. त्यातून लघुलिपीकार आयझॅक पिटमनचा नातू जेम्स पिटमन याची ४४ चिन्हांची शालेय वर्णमाला १९६१ पासून इंग्लंडच्या शाळांत आली. मुले तिच्यात लवकर वाचू लागली असे अनेक शिक्षकांना दिसले. परंतु सात-आठ वर्षांच्या वयात त्यांना रूढ स्पेलिंगकडे परतावे लागे आणि तेथे पुष्कळांची तारांबळ उडे. १९७० नंतर ती बहुतेक शाळांतून गेली.

शिकणाऱ्याच्या उपयोगी पडले ते निराळ्याच ठिकाणी झालेले काम. १८८६ मध्ये पॅरिसला पॉल पासी आणि त्याच्याबरोबरच्या भाषाशिक्षकांनी एक मंडळ काढले. त्यातून सर्व भाषांचे ध्वनी दाखविणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तयार झाली. डॅनियल जोन्सने १९१७ मध्ये तिच्या आधारे इंग्रजीचा उच्चारकोश केला, आणि जपानात इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी तोकियोत १९४२ मध्ये परभाषकांसाठी रचलेला कोश १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. त्यात प्रत्येक शब्दापुढे त्याचा उच्चार वेगळ्या चिन्हांत दिला होता. मराठीतली इंग्रजी शिकविणारी पुस्तके हेच काम देवनागरीने करीत आली आहेत: शब्द, अर्थ, आणि त्यापुढे उच्चार. स्पेलिंग जिथल्या तिथे राहिले. त्याच्या शेजारी शिकणाऱ्यासाठी दुसरी लिपी कायम झाली.